असईच्या तोफा आणि पडद्यावरची शस्त्रे

जालना जिल्ह्याच्या मातीत तीन निरनिराळ्या काळांतली शस्त्रे चालली. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याची पेठ लुटली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची गाठ इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीशी पडली. सप्टेंबर १९४८ च्या निजामाविरुद्धच्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्य जालन्यात आले. पहिल्या प्रसंगी बंदूक पेटत्या तोड्याने उडत होती, दुसऱ्या प्रसंगी चकमकीच्या ठिणगीने, आणि तिसऱ्या प्रसंगी सैनिकाच्या खांद्यावर .३०३ ची ली-एनफील्ड रायफल होती. या तीन प्रसंगांवर कोणी तीन चित्रपट काढायचे ठरवले, तर पहिल्यासाठी जमवलेल्या शस्त्रांवर दुसरा भागणार नाही आणि दुसऱ्याची शस्त्रे पहिल्यात आणली तर तो बिघडेल.

प्रत्यक्षात बहुतेक ऐतिहासिक चित्रपटांची शस्त्रे एकाच पेटाऱ्यातून येतात. तलवारी अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा रबराच्या, तोफा फायबरच्या, बंदुका लांबून बंदुकीसारख्या दिसतील एवढ्याच बेताच्या. सुरक्षितता, खर्च आणि शस्त्रास्त्र कायद्याची बंधने पाहता यात गैर काही नाही. नटाच्या हातात धारदार पाते कोणीच देऊ नये. प्रश्न पात्याच्या धातूचा नाही. ते शस्त्र त्या काळी, त्या माणसाकडे असणे शक्य होते का, आणि पडद्यावर ते जे करताना दाखवले आहे ते त्याला करता येते का, हे दोन प्रश्न आहेत.

अशा चुका शोधणे हा रिकामटेकडा छंद आहे असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. लढाई का जिंकली आणि का हरली याचे निम्मे उत्तर शस्त्रात आणि ते वापरण्याच्या रीतीत असते. शस्त्र चुकले की कारण चुकते. कारण चुकले की त्या लढाईत मेलेल्या माणसांविषयी आपण पुढच्या पिढीला खोटे सांगतो. असईच्या बाबतीत हा धोका फार मोठा आहे. तो नीट दिसावा म्हणून आधी चुकांचे प्रकार पाहावे लागतील.

काळ एकाच दिशेने सरकतो

पहिला प्रकार कालविपर्यासाचा. तो ओळखायला सोपा वाटतो, पण त्यातला एक नियम बहुतेक टीकाकार विसरतात: जुने शस्त्र नव्या काळात टिकून राहू शकते, नवे शस्त्र जुन्या काळात जाऊ शकत नाही. १८०३ च्या असईत बिनकवायती शिपायाच्या हातात तोड्याची बंदूक दाखवली तर ती चूक नाही; हिंदुस्थानात तोडेदार बंदुका त्यानंतरही कित्येक दशके चालल्या. १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या एखाद्या रझाकाराकडे ठासणीची बंदूक असेल तर तेही खपून जाईल. उलट १६७९ च्या मावळ्याच्या बंदुकीला संगीन लावली, किंवा १८०३ च्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवले, तर ते सरळ अशक्य आहे. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट १८३६ चे. तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून उडणारी बंदूकही असईनंतरच रुळली. १९४८ च्या जालन्यात भारतीय जवानाच्या हातात एसएलआर दिसली तर दिग्दर्शक दीड दशक पुढे गेला असे समजावे, आणि इन्सास दिसली तर अर्धे शतक.

म्हणून ‘चूक’ असा एकच शिक्का मारण्यापेक्षा तीन पायऱ्या धराव्यात: संभाव्य, शक्य आणि अशक्य. १६७९ मध्ये मराठी फौजेच्या पायदळाकडे तोडेदार बंदूक असणे संभाव्य. टोपीकरांकडून आलेली एखादी चकमकीची बंदूक सरदाराच्या संग्रही असणे शक्य. अख्ख्या तुकडीच्या हाती एकसारख्या चकमकी बंदुका असणे अशक्य. बहुतेक वाद मधल्या पायरीवर होतात आणि तिथे दिग्दर्शकाला सूट द्यावी. तिसऱ्या पायरीवर देऊ नये.

परदेशी चित्रपटही यातून सुटलेले नाहीत. १८७९ च्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईवरचा ‘झुलू’ (१९६४) एरवी काळजीपूर्वक बनवलेला चित्रपट, पण त्यातल्या अधिकाऱ्यांच्या हातातले वेब्ली रिव्हॉल्व्हर १९१५ सालच्या नमुन्याचे आहे. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) घडतो १९३६ मध्ये, आणि त्यातल्या जर्मन सैनिकांकडे एमपी-४० आहे. ती कोणत्या सालची हे तिच्या नावातच लिहिले आहे. या दोन्ही चुका मी हलक्या मानतो. वेब्लीच्या जागी योग्य रिव्हॉल्व्हर ठेवले तरी ‘झुलू’मधला एकही प्रसंग बदलत नाही. माझी कसोटी हीच आहे: चूक दुरुस्त केली तर कथेचा निकाल बदलतो का? बदलत नसेल तर ती नोंदवावी आणि पुढे जावे.

आता तोड्याची बंदूक. ती ओळखण्याची खूण नळीत नाही, दोरीत आहे. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला तोडा सतत धुमसत ठेवावा लागतो. चाप ओढला की तोड्याचे पेटते टोक कानावरच्या रंजकीत टेकते, आधी रंजक पेटते, मग आतली दारू. यातून चार गोष्टी निघतात. तोडा विझलेला असेल तर बंदूक उडत नाही. पावसात तिचा भरवसा नाही. रात्री तोड्याचे लाल टोक दुरून दिसते, म्हणून अंधारात गुपचूप गड चढणाऱ्या माणसांना ती सोयीची नाही. आणि कानावर आधी एक भपका उठतो, त्यानंतर क्षणभराने खरा बार होतो. पडद्यावर मात्र नट ही बंदूक सहज उचलतो, ना तोडा पेटलेला ना रंजक ओतलेली, आणि चाप ओढताच ठो. पुढच्या दृश्यात तो पुन्हा उडवतो. मध्ये भरायला लागणारे अर्धेएक मिनिट कुठे गेले हे कोणी विचारत नाही. त्या अर्ध्या मिनिटातच तलवारीचे आणि भाल्याचे सारे महत्त्व होते. बंदूक रिकामी झाल्यावर घोडेस्वार अंगावर येईपर्यंत ती भरून होईल का, हा सतराव्या शतकातल्या प्रत्येक बंदूकबाजाच्या जिवाचा प्रश्न होता. भरण्याचा वेळ गाळला की घोडदळ का टिकून राहिले याचे उत्तरच गाळले जाते.

धूर, आवाज आणि धक्का

दुसरा प्रकार भौतिकशास्त्राचा. इथे सालांचे पाठांतर लागत नाही. शाळेत शिकलेले विज्ञान पुरते.

धुरापासून सुरुवात करू. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही, घन कणांच्या रूपात बाहेर पडतो. तोच तो दाट पांढरा धूर. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८४ मध्ये तयार झाली. त्याआधीच्या कुठल्याही रणांगणावर दोन-तीन फैरींनंतर समोरचे दिसेनासे होत असे. वारा नसेल तर गोलंदाज अंदाजानेच बत्ती देत. पडद्यावर शंभर तोफा धडाडूनही नायकाचा चेहरा लख्ख दिसतो. प्रेक्षकाला चेहरा दिसायला हवा ही अडचण मला मान्य आहे. पण धूर हा सजावटीचा भाग नाही. हुकूम न पोहोचणे, आपलीच तुकडी चुकीच्या दिशेला जाणे, शत्रू पन्नास पावलांवर आल्यावर दिसणे, हे सारे त्यातूनच घडते.

गोळ्याचे पाहा. हिंदी-मराठी पडद्यावर तोफेचा प्रत्येक गोळा जमिनीवर पडताच नारिंगी आगीचा लोळ उठतो आणि माणसे हवेत उडतात. तो लोळ पेट्रोलचा असतो. त्या काळच्या मैदानी तोफेतून बहुतेक वेळा लोखंडाचा भरीव गोळा जाई. तो फुटत नाही. तो जमिनीला टेकतो, उसळतो, पुन्हा टेकतो, आणि वाटेत जे येईल ते कापत जातो. कडक जमिनीवर अशा टप्प्यांनी तो फार लांब जातो, चिखलात रुतून बसतो. रांगेने उभ्या असलेल्या पायदळाला तो एका टोकाकडून लागला तर एकाच गोळ्यात कित्येक माणसे जातात. ‘द पेट्रियट’ (२०००) या अमेरिकी चित्रपटाच्या इतिहासावर आक्षेप घ्यायला खूप जागा आहे, पण टप्पे घेत येणारा गोळा त्याने खरा दाखवला आहे. आगीशिवायचे ते दृश्य आगीच्या लोळापेक्षा जास्त भीती घालते. फुटणारे गोळेही होते, पण ते उखळी तोफांतून आणि हॉवित्झरांतून जात, त्यांना वात असे, आणि फुटल्यावर उठे तो करडा धूर, माती आणि लोखंडाचे तुकडे. शत्रू जवळ आला की गोलंदाज तिसराच मारा करत: पत्र्याच्या डब्यात शेकडो गोळ्या भरून तो डबाच तोफेतून सोडायचा. तोंडातून निघताच डबा फाटे आणि गोळ्या पंख्यासारख्या पसरत. असईत इंग्रजांची माणसे सर्वाधिक पडली ती याच माऱ्याखाली. चित्रपटात हा मारा जवळजवळ दिसतच नाही, कारण त्यात आग नाही आणि उडी मारून चुकवण्याची सोयही नाही.

धक्क्याची खूण मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती लपवता येत नाही. सहा पौंडी तोफेचा गोळा सुमारे २.७ किलोचा. तो सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाला आणि तोफ गाड्यासकट ६०० किलोची धरली, तर संवेगाच्या नियमाने गाडा सेकंदाला जवळपास दोन मीटर वेगाने मागे यायला हवा. म्हणजे प्रत्येक बारानंतर तोफ काही फूट मागे सरकते आणि माणसांना ती खांदे लावून पुन्हा जागेवर आणावी लागते. पडद्यावरची तोफ जागची हलत नाही, कारण तिच्यात गोळा नसतो. तिच्या मागे उभा असलेला नट तर खऱ्या लढाईत पहिल्याच बाराला गाड्याखाली गेला असता.

शेवटी आवाज. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सातशे मीटरवरच्या तोफेची चमक आधी दिसते आणि दोन सेकंदांनी बार ऐकू येतो. पडद्यावर दोन्ही एकदम होतात. याच वर्गात तलवार उपसतानाचा तो खणखणीत ‘शिंग्’ आवाज येतो. आपल्याकडची म्याने लाकडाची, वरून चामडे किंवा मखमल चढवलेली. त्यांतून पाते निघताना एवढी लांब किणकिण होत नाही. ही चूक मी हलकीच धरतो. दांडपट्ट्याची मात्र तेवढी हलकी नाही. पट्ट्याची मूठ लोखंडी दस्तान्याच्या आत आडवी असते आणि हात कोपराजवळ पट्टीने अडकतो, म्हणून मनगट वळतच नाही. पट्टा खांद्यातून आणि कमरेतून फिरवावा लागतो. मर्दानी खेळ शिकणाऱ्या कोल्हापूरकडच्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असते. नटाने तो साध्या तलवारीसारखा मनगटाने चालवला की शस्त्रही गेले आणि ते चालवण्याची विद्याही गेली.

नागिन राजगडापर्यंत पोहोचेल का?

‘तान्हाजी’ (२०२०) या ओम राऊत यांच्या चित्रपटात मोगलांचा किल्लेदार उदयभान राजगडावर मारा करण्यासाठी ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ कोंढाण्यावर आणतो. इथे कसोटी पूर्ण लागू पडते, कारण कथेतला धोका या तोफेच्या पल्ल्यावरच उभा आहे.

कोंढाणा ते राजगड हे अंतर सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर. दोन्ही गडांची उंची साधारण सारखी. हवा नाही असे धरले, तर ४५ अंशांत सोडलेल्या गोळ्याला १५ किलोमीटर जायला सेकंदाला ३८० ते ३९० मीटर वेग लागतो. आता अडचण अशी की काळ्या दारूच्या चांगल्या तोफेचा गोळा एवढ्या किंवा याहून जास्त वेगाने निघू शकतो. शाळेतले सूत्र लावणारा इथेच फसतो आणि पल्ला शक्य आहे असे सांगून मोकळा होतो.

खरा निकाल हवा देते. बारा पौंडी गोळा, व्यास सुमारे ११ सेंटिमीटर, सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाला की हवेचा विरोध त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पंधरा ते सतरापट असतो. गोळा निघताक्षणीच वेग गमावू लागतो. गोळा मोठा केला तर परिस्थिती सुधारते, कारण वजन व्यासाच्या घनाने वाढते आणि विरोध वर्गाने; अर्ध्या मीटर व्यासाच्या लोखंडी गोळ्यावर हाच विरोध वजनाच्या चौपटीच्या आसपास येतो. तरीही तो १५ किलोमीटरच्या जवळपास पोहोचत नाही. शिवाय त्या काळच्या मोठ्या तोफेला ४५ अंश उचलून धरण्याची सोय गाड्यावर नसे, आणि पोहोचलाच असता तरी एवढ्या लांबून गडाचा माथा साधणार कोण? त्या काळची तटफोडी तोफ काही शे मीटरवरून काम करी.

वजनाचाही हिशोब आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतलेली मलिक-ए-मैदान सुमारे ५५ टन भरते आणि तिच्या नळीचा व्यास ७० सेंटिमीटर आहे. १६३२ मध्ये ती परंड्याहून विजापूरला नेली, तेव्हा चारशे बैल आणि दहा हत्ती लागले असे सांगतात. आणि तो रस्ता सपाटीचा होता. तसली वस्तू सह्याद्रीच्या घाटातून कोंढाण्याच्या माथ्यावर चढवणे ही महिन्यांची मोहीम झाली असती.

याने चित्रपटाचे काय बिघडले असे विचारता येईल. माझ्या मते बिघडले ते असे: फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेण्याला खरी आणि पुरेशी कारणे होती. पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला होता, पुण्याच्या मुलखावर त्याची नजर होती, आणि महाराज तहात गेलेले गड एकामागून एक परत घेत होते. तानाजी मालुसऱ्यांचे मरण या राजकारणात बसते. न पोहोचणाऱ्या तोफेची भीती त्यात घातली की ते मरण एका कल्पित यंत्राच्या विरुद्ध होते, आणि गड म्हणजे मुलूख ताब्यात ठेवण्याचे साधन ही शिवकाळाची मूळ गोष्ट बाजूला पडते.

असईची कसोटी

आता जालन्याकडे. असईवर मोठा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. वेलस्लीची दुसरी लढाई, वॉटर्लू, सर्गेई बोन्दारचुक यांनी १९७० मध्ये सोव्हिएत फौजेचे हजारो सैनिक मैदानात उभे करून पडद्यावर आणली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या माणसाने मात्र स्वतःची सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारल्यावर असईचे नाव घेतले होते. कधी ना कधी ती पडद्यावर येईल. तेव्हा ज्या चुकीची मला धास्ती वाटते ती अशी: एका बाजूला लाल डगलेवाले, बंदुका आणि तोफा, दुसऱ्या बाजूला फेटे, भाले, तलवारी आणि ‘हर हर महादेव’. शौर्याविरुद्ध यंत्र. हे चित्र भावनेला सोपे आहे आणि ते साफ खोटे आहे.

असईत तोफा जास्त होत्या त्या मराठ्यांकडे. शंभराच्या वर. वेलस्लीकडे वीसच्या आत-बाहेर. लढाईनंतर इंग्रजांनी ९८ तोफा हस्तगत केल्याचे नोंदवले आहे. शिंद्यांच्या तोफा आग्र्यासारख्या कारखान्यांत ओतल्या जात. महादजी शिंद्यांच्या काळात त्यांचा युरोपीय सेनानी द बॉयन याच्या हाताखाली सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने तिथे तोफा आणि बंदुका बनवण्याची घडी बसवली होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी या तोफांची तारीफ केली आणि त्या स्वतःच्या सैन्यात वापरण्याजोग्या मानल्या. तोफांमागे उभे होते कवायती कंपू: पोलमनचे, बेगम समरूचे आणि द्यूपोंचे मिळून दहा हजारांच्या वर पायदळ, चकमकी बंदुका, संगिनी आणि पलटणींची शिस्त यांसह. पोलमन हा हॅनोव्हरचा, एके काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला सार्जंट. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट तपशिलाने मांडली आहे की १८०३ चे युद्ध इंग्रजांनी वरचढ शस्त्रांनी जिंकले हा समज टिकत नाही.

म्हणजे या चित्रपटात फेटेवाला भालाईत चूक नाही. तोही तिथे होता, हजारोंच्या संख्येने. चूक होईल ती कवायती पलटण आणि गोलंदाज गाळण्याची. ती दुरुस्त केली की सगळा निकाल वेगळा वाचावा लागतो.

त्या दुपारी घडले ते असे. वेलस्लीने केळना नदी अनपेक्षित जागी ओलांडली. मराठ्यांची आघाडी नदीकडे तोंड करून होती. इंग्रज बाजूने आलेले पाहून पोलमनने आपले पायदळ आणि तोफा नव्या दिशेला फिरवून उभ्या केल्या. शत्रू इतक्या लवकर आघाडी बदलेल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. तोफखान्यासह हजारो माणसांची रांग काटकोनात फिरवणे ही कवायतीची फार अवघड परीक्षा आहे, आणि ती भोकरदनच्या शेतांत मराठी कंपूंनी दिली. हे दृश्य मला पडद्यावर पाहायला आवडेल. तलवारबाजीच्या दहा मिनिटांपेक्षा त्यातून त्या फौजेची खरी योग्यता कळेल.

मग तोफा सुटल्या. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मारले गेले आणि त्यांचा तोफखाना मागेच अडकला. (पडद्यावर तोफांना घोडे जुंपलेले दिसले तर शंका घ्यावी, दख्खनच्या मोहिमांत बहुतेक ओढकाम बैलांचे होते.) ऑरॉक या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालची तुकडी वाट चुकून थेट असई गावाच्या तोंडावर गेली, तिच्यामागे ७४ वी हायलंडर पलटण गेली, आणि गावातल्या तोफांनी दोघांची चाळण केली. उरलेल्यांनी मृतदेहांच्या आडोशाने वेडावाकडा चौक केला. दुसरीकडे ७८ वी हायलंडर आणि मद्रासच्या पलटणी तोफांवर चालून गेल्या, जवळून फैर झाडली, संगिनी लावल्या. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रजांची रांग पुढे गेली की उठले, आणि तोफा फिरवून तिच्या पाठीवर मारा केला. वेलस्लीला तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्यात त्याचा डायोमेड नावाचा घोडा भाल्याने जखमी झाला. घोडदळाचा कर्नल मॅक्सवेलही या लढाईत पडला. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले. लढलेल्या माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश.

मग हार का झाली? शस्त्रांत उत्तर नाही हे एकदा पक्के झाले की नजर दुसरीकडे जाते. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडले होते. ज्या अधिकाऱ्यांवर पलटणींची कवायत उभी होती, ते लढाईच्या तोंडावर निघून गेले. शिंदे आणि भोसले यांचे प्रचंड घोडदळ निर्णायक वेळी पायदळाच्या मदतीला आले नाही. तोफा उत्तम होत्या, गोलंदाज जिवावर उदार होते, आणि वर हुकमाची साखळी तुटलेली होती. हे दुःख तलवार विरुद्ध तोफ अशा चित्रात मावत नाही. म्हणून असईच्या चित्रपटातली तोफेची चूक मी हलकी मानणार नाही: त्या चुकीने त्या गोलंदाजांचे कर्तृत्व पुसले जाते आणि त्यांच्या धन्यांचा दोष झाकला जातो.

जमीनही साक्ष देते

शस्त्रतज्ज्ञ बहुधा एक साधन वापरत नाहीत, ते म्हणजे जमीन. असईच्या बाबतीत ती आजही जागेवर आहे. २१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले. वाटा अरुंद असल्याने दोन फौजांनी वेगळ्या रस्त्यांनी जायचे आणि २४ ला मिळून हल्ला करायचा असे ठरले. २३ ला वेलस्लीला शत्रू अचानक जवळ असल्याचे कळले. वाटाड्यांनी पुढे उतार नाही असे सांगितले. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड, आणि एवढी जवळची दोन गावे उताराशिवाय वसणार नाहीत असा तर्क त्याने केला. तो बरोबर निघाला. दिग्दर्शकाने इथे नायकाला दुर्बिणीतून काहीतरी दिव्य दिसल्याचे दाखवू नये. तर्क त्याहून सरस आहे आणि खराही.

नदी ओलांडल्यावर तो ज्या जागी आला ती केळना आणि जुई या दोन नद्यांमधली चिंचोळी जमीन. तिची रुंदी सुमारे एक मैल. मराठ्यांचे घोडदळ ३० ते ४० हजार होते असे अंदाज आहेत, आणि छावणी भोकरदनपासून असईपर्यंत कित्येक मैल पसरलेली होती. घोडदळ भोकरदनकडच्या बाजूला, पायदळ आणि तोफा असईकडे. आता साधा हिशोब करावा. गुडघ्याला गुडघा लावून उभ्या घोडेस्वाराला आडवी एक मीटर जागा लागते. मैलभराच्या रुंदीत एका रांगेत सोळाशे घोडे मावतात, दोन रांगांत बत्तीसशे, आणि तीही पायदळ व तोफा तिथून हटवल्यावर. संगणकावर रंगवलेले चाळीस हजार घोडे एकाच वेळी त्या मैदानात धावताना दिसले, तर ते मैदान असईचे नाही. वेलस्लीने हीच जागा निवडली, कारण इथे शत्रूच्या संख्येला पसरायला वाव नव्हता आणि दोन्ही बाजू नद्यांनी झाकलेल्या होत्या. कॅमेरा उंच नेऊन क्षितिजापर्यंत फौज दाखवण्याचा मोह टाळून दोन्ही नद्या एकाच चौकटीत घेतल्या, तर पोलमनला रांग का फिरवावी लागली, घोडदळ पश्चिमेलाच का अडकून पडले आणि असई गावातल्या तोफा एवढ्या घातक का ठरल्या, हे तिन्ही प्रश्न एका दृश्यात सुटतात.